रोजीरोटीचे चाक : इंजिन ‘बॅक’ मारते तेव्हा

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी, जुम्याची नमाज आटोपून आम्ही जेवायला बसणार, तोच आमचा पुतण्या दारात उभा. चार वर्षे कतारमधल्या एका सुपरमार्केटात काम करून परत आलेला. आता पुन्हा जायचे नाही, इथेच गावात राहून मासळी आणि आंब्याची ने-आण करायची, असे त्याने घरात सांगून टाकले होते. त्यासाठी शेजारच्या तालुक्यात एक जुना डिझेल पिकअप त्याने हेरला होता आणि बयाण्याचे पैसे खिशात घेऊनच तो आमच्याकडे आला होता.

“चाचा, चला, गाडीवर एक नजर टाका. रंग नवा आहे, टायर चांगले आहेत, आवाजही साफ आहे.”

आम्ही विचारले, “इंजिन चालू ठेवून ऑईलचे झाकण उघडून पाहिलेस का?”

तो हसला. “चाचा, गाडी घ्यायची आहे, ऑईल नाही.”

चार वर्षांची कमाई खिशात घेऊन निघालेल्या या मुलाला त्या झाकणाचे महत्त्व समजावून सांगताना आमचे जेवण निवले. तेच आज आपल्या सर्वांसाठी लिहीत आहोत. आपल्या वाचकांच्या कितीतरी घरांची चूल रिक्षावर, टेम्पोवर, मच्छीमार होडीच्या इंजिनावर किंवा जहाजावरच्या नोकरीवर चालते. या सगळ्या इंजिनांना होणारा एक आजार असा आहे की तो सुरुवातीला ना दिसतो, ना ऐकू येतो. आपले मिस्त्री लोक त्याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात, किंवा नुसते ‘इंजिन बॅक मारते’ असे सांगतात.

गळते काय आणि कुठून?

सायकलला हवा भरायचा हातपंप आपण सर्वांनी वापरला आहे. त्याच्या दांड्याच्या टोकाला चामड्याचा वायसर असतो. तो सुकला की कितीही जोर लावा, हवा ट्यूबमध्ये जाण्याऐवजी वायसरच्या कडेने मागे येते. चामड्याला थोडे तेल लावले की पंप पुन्हा काम करू लागतो. इंजिनाचा पिस्टन म्हणजे असाच एक दांडा आणि त्याच्या रिंगा म्हणजे वायसर.

पिस्टन सिलिंडरमध्ये अगदी घट्ट बसवता येत नाही. तापला की तो फुगतो, आणि घट्ट असला तर अडकून बसेल. म्हणून त्याच्याभोवती बारीक फट ठेवतात आणि ती बुजवण्यासाठी पिस्टनच्या खाचांत रिंगा घालतात. बहुतेक गाड्यांत प्रत्येक पिस्टनला तीन रिंगा असतात. वरच्या दोन वायू अडवतात, खालची सिलिंडरच्या भिंतीवरचे जादा तेल पुसून घेते. जुन्या वाफेच्या इंजिनांत या कामासाठी तागाचे वेढे भरत. धातूची, एके ठिकाणी कापलेली, स्प्रिंगसारखी रिंग १८५० च्या दशकात जॉन रॅम्सबॉटम या इंग्लंडमधील रेल्वे अभियंत्याने बसवून दाखवली. आजही आपल्या स्कूटरपासून मोठ्या जहाजापर्यंत तीच कल्पना चालते.

या रिंगेची एक गंमत आहे. तिचा स्वतःचा ताण थोडाच असतो. इंधन जळून जो वायू जोराने खाली येतो, तोच रिंगेच्या वरून खाचेत शिरतो आणि मागून तिला सिलिंडरच्या भिंतीवर दाबून धरतो. म्हणजे चोरालाच दरवाजा धरायला लावण्यासारखी ही युक्ती. जितका दाब जास्त, तितकी पकड पक्की. पण त्यासाठी रिंग आपल्या खाचेत मोकळी हलली पाहिजे. काजळी आणि जळक्या तेलाने ती खाचेत चिकटून बसली की दरवाजा धरणारा कोणीच उरत नाही.

हा दाब किती असतो? आजच्या डिझेल इंजिनात इंधन पेटते त्या क्षणी तो सहज १०० बारच्या पुढे जातो, म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेच्या शंभरपटीहून जास्त. ८० मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनवर त्याचा भार साधारण ५ टन होतो. इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल तर हा तडाखा प्रत्येक पिस्टनला मिनिटाला १००० वेळा बसतो. वायूचे तापमान त्या क्षणी २००० अंशांच्या आसपास पोहोचते, आणि पिस्टनचे मूळ धातू जे ॲल्युमिनियम, ते तर ६६० अंशांनाच वितळते.

एवढ्या दाबापुढे थोडी गळती प्रत्येक इंजिनात होतेच. अगदी नव्या गाडीतही शंभरातला एखादा भाग वायू रिंगांना चुकवून खाली, जिथे क्रँक फिरतो त्या इंजिनाच्या पोटात, उतरतो. म्हणून तर त्या पोटाला श्वास सोडण्यासाठी एक नळी दिलेली असते. तिला ब्रीदर म्हणतात. पूर्वी या नळीचे तोंड सरळ रस्त्याकडे सोडलेले असे. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहर गाड्यांच्या धुराने गुदमरू लागले तेव्हा कॅलिफोर्निया राज्याने १९६१ सालच्या मॉडेलपासून हा वायू बाहेर न सोडता पुन्हा इंजिनातच जाळण्याची व्यवस्था सक्तीची केली. आज आपल्या गाड्यांतही ती नळी एअर फिल्टरच्या बाजूला जोडलेली आढळते.

तेव्हा प्रश्न गळती आहे की नाही हा नसून ती किती आहे, हा आहे.

नुकसान जवळ कमी, दूर जास्त

लोकांना वाटते, वायू गळला म्हणजे फक्त ताकद कमी होईल आणि चढावर गाडी जरा दमेल. तेवढेच असते तर आम्ही हा लेख लिहिला नसता. गळणारा वायू रिकाम्या हाताने खाली जात नाही. तो आपल्याबरोबर उष्णता, काजळी, न जळलेले इंधन, आम्ल आणि पाणी घेऊन जातो. पाणी वाचून नवल वाटेल, पण एक लिटर पेट्रोल किंवा डिझेल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते. ते वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जाते म्हणून आपल्याला दिसत नाही.

पहिला फटका अर्थातच रिंगांना आणि पिस्टनला. पिस्टनला मिळालेल्या उष्णतेचा मोठा भाग रिंगांमार्फत सिलिंडरच्या भिंतीत आणि तिथून रेडिएटरच्या पाण्यात जातो. रिंग भिंतीला नीट टेकली नाही की हा रस्ता तुटतो, आणि त्याच फटीतून पेटता वायू पिस्टनच्या अंगावरून खाली धावतो. तेथील तेलाचा पातळ थर जळतो. जळलेले तेल म्हणजे काजळी, काजळीने रिंग आणखी चिकटते, आणि रिंग चिकटली की गळती आणखी वाढते. असे हे दुष्टचक्र आहे. बाहेर काढलेल्या पिस्टनवर रिंगांच्या खाली तपकिरी-काळे पट्टे दिसले की जाणता मिस्त्री न विचारता सांगतो, वायू इथून उतरत होता. पुढे कोरड्या पडलेल्या भिंतीवर पिस्टन घासतो, लायनरला उभे ओरखडे पडतात आणि शेवटी इंजिन ‘पकडते’.

दुसरा फटका तेलाला. डिझेलची काजळी तेलात मिसळून ते घट्ट होते. न जळलेले इंधन मिसळले तर उलट पातळ होते. पाणी आणि आम्ल मिसळले की तेलातली आम्ल मारणारी औषधे लवकर संपतात आणि चेंबरच्या तळाशी डांबरासारखा गाळ बसतो. तो गाळ तेल ओढणाऱ्या जाळीवर अडकला तर वरच्या टॅपेटपर्यंत तेल पोहोचत नाही. २०२० सालापासून देशभर मिळणाऱ्या भारत स्टेज सहाच्या डिझेलमध्ये गंधक फार थोडे असल्याने गंधकाचे आम्ल कमी झाले आहे. पण हवेतल्याच नायट्रोजनपासून बनणारे आम्ल आहेच.

तिसरा फटका बेअरिंगना, आणि हाच सर्वात महाग. क्रँकची बेअरिंग जळणाऱ्या वायूपासून कितीतरी दूर, इंजिनाच्या तळाशी असतात. क्रँक आणि त्या शेलच्या मध्ये तेलाचा जो थर असतो, तो माणसाच्या केसापेक्षाही कितीतरी पातळ. त्या थरात काजळी आली, इंधनाने तो पातळ झाला किंवा आम्लाने शेलचा मऊ धातू खाल्ला, की क्रँक धातूवर धातू फिरू लागतो. रिंग वर खराब होते आणि ठोका खालून ऐकू येतो. वर एक किरकोळ किमतीची रिंग वेळेवर बदलली नाही, म्हणून खाली क्रँक घासायची पाळी आलेली आम्ही अनेकदा पाहिली आहे.

चौथा फटका ऑईल सील आणि गॅस्केटना. इंजिनाचे पोट दाब सहन करायला बनवलेले नसते. गळती ब्रीदरच्या आवाक्याबाहेर गेली की दाब वाट शोधतो. कुठे टॅपेट कव्हरच्या कडेने तेल झिरपते, कुठे ऑईलची पट्टी आपोआप वर उचलली जाते, तर कुठे क्रँकचे सील तेल सोडते. लोक गॅस्केट बदलतात, आठ दिवसांनी पुन्हा तेल. पुन्हा बदलतात, पुन्हा तेल. मिस्त्रीला दोष देतात, गॅस्केटला दोष देतात. दोष दोघांचाही नसतो.

पाचवा फटका टर्बोला. टर्बोला वंगण देऊन झालेले तेल एका नळीने आपल्या वजनानेच खाली चेंबरमध्ये परत येते. खाली पोटात दाब असेल तर हे तेल उतरत नाही, वरच तुंबते आणि टर्बोच्या सीलमधून हवेच्या वाटेत जाते. सायलेन्सरमधून निळा धूर येतो. टर्बो गेला म्हणून नवा बसवतात, आणि तोही धूर सोडू लागतो.

डिझेल इंजिनात याचे एक भयंकर टोक आहे. हवेच्या वाटेत तेल फार जाऊ लागले तर इंजिन तेच इंधन म्हणून जाळू लागते. मग चावी बंद केली तरी ते थांबत नाही, उलट वेग वाढतच जातो. असे झाले तर ब्रेक दाबून धरावा, वरचा गियर टाकावा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडावे. हवेची वाट बंद करायची वेळ आली तर लाकडी फळी वापरावी, हाताचा तळवा मुळीच लावू नये. आणि वेग हाताबाहेर गेला असेल तर बॉनेटजवळ न थांबता माणसांना दूर न्यावे.

आम्ही नाक बंद केले होते

हे सगळे आम्ही पुस्तकातून शिकलो असे वाटू नये. वीस-बावीस वर्षांपूर्वी आमच्याकडे एक जुनी डिझेल जीप होती. तिच्या ब्रीदरमधून तेल ठिबके आणि अंगणात काळा डाग पडे. अम्मी रोज बोलत. एका सकाळी आम्ही त्या नळीत कापडाचा बोळा कोंबला आणि वरून लाकडाची खुंटी ठोकली. डाग बंद झाला. अम्मी खूश झाल्या आणि आम्ही आपल्या हुशारीवर खूश झालो.

त्याच आठवड्यात खेडला एक निकाह होता. पनवेलहून आम्ही नऊ माणसे निघालो, मागे नवरीला द्यायच्या कपड्यांची पेटी. पोलादपूर सोडून कशेडी घाट चढू लागलो आणि निम्म्या चढावर इंजिन ओरडते आहे पण गाडी पुढे जात नाही, अशी गत झाली. क्लच घसरत होता. जळक्या क्लचचा वास आला. सर्वांना उतरवून दगड लावले. मगरिबची वेळ होत आलेली, बायका-मुले रस्त्याच्या कडेला, आणि आम्हाला काहीच सुचेना.

एक ट्रकवाला थांबला. खाली वाकून त्याने पाहिले, बोट फिरवले, वास घेतला. मग त्याला ती खुंटी दिसली. ती उपटताच नळीतून फुस्स करून धूर बाहेर आला. तो म्हणाला, “साहेब, इंजिनाचे नाक बंद केलेत. मग ते दुसरीकडून श्वास काढणारच.” पोटातल्या दाबाने क्रँकच्या मागचे सील तेल सोडू लागले होते आणि ते तेल क्लच प्लेटवर गेले होते. त्याने गाडी बांधून घाट चढवून दिली. आम्ही पोहोचलो तेव्हा इशा होऊन गेली होती, निकाहही होऊन गेला होता.

त्या दिवशी आमचा क्लच गेला आणि सील गेले, पण मूळ दुखणे त्या दोघांतही नव्हते. नळीतून तेल ठिबकत होते तेव्हाच इंजिन सांगत होते की माझ्या रिंगा झिजल्या. आम्ही तिचे तोंड बंद केले.

जहाजावरच्या भावांसाठी

कोकणातल्या किती घरांतले भाऊ, मामू, चाचा जहाजाच्या इंजिनरूममध्ये नोकरी करतात हे सांगायला नको. तिथे हाच आजार जिवावर बेततो. मोठ्या इंजिनाच्या पोटात एखादा भाग फाजील तापला की त्यावर पडणाऱ्या तेलाची वाफ होते आणि ती निवून पांढरे धुके बनते. हे धुके हवेत योग्य प्रमाणात मिसळले आणि तोच तापलेला भाग ठिणगी ठरला, की स्फोट होतो. गळत्या वायूने तापलेला पिस्टन हा असा तापलेला भाग होऊ शकतो.

‘रेइना डेल पॅसिफिको’ नावाचे प्रवासी जहाज युद्धानंतर दुरुस्त होऊन ११ सप्टेंबर १९४७ रोजी बेलफास्टजवळच्या समुद्रात चाचणी घेत होते. त्याच्या इंजिनांच्या पोटात असा स्फोट झाला आणि २८ माणसे मृत्युमुखी पडली. एक पिस्टन फाजील तापण्यापासून सुरुवात झाली होती. आज जहाजाच्या इंजिनाला दाब सोडणाऱ्या झडपा आणि तेलाचे धुके ओळखणारे यंत्र असते, त्यामागे अशा दुर्घटनांचे धडे आहेत. धुक्याचा इशारा वाजला तर इंजिनाचा वेग कमी करून ते थांबवतात, पण क्रँककेसचे दार लगेच उघडत नाहीत. निदान २० मिनिटे निवू देतात, कारण दार उघडताच ताजी हवा आत जाते आणि उरलेले काम ती करते. घरातला मुलगा पहिल्यांदा जहाजावर निघत असेल तर त्याला हे एकदा विचारून पाहा.

घरच्या घरी काय पाहावे?

इंजिन चांगले गरम करून ते सुस्त चालू ठेवावे आणि ऑईल भरायचे झाकण हळूच सैल करून उलटे त्याच भोकावर ठेवावे. झाकण थोडे थरथरले तर घाबरू नये. ते उडून पडले किंवा आगगाडीसारखा ठेक्यात धूर येऊ लागला, तर संशय घ्यावा. पण निकाल देऊ नये. आधी ब्रीदरची नळी आणि तिची झडप साफ आहे का ते पाहावे. ती तुंबली असेल तर चांगल्या इंजिनातही दाब साठतो. काही गाड्यांत टर्बो किंवा ब्रेकचा व्हॅक्यूम पंप खराब झाल्यानेही पोटात हवा जाते. आम्ही अशी दोन इंजिने पाहिली आहेत, जी नुसत्या नळीच्या साफसफाईने वाचली असती पण विनाकारण उघडली गेली.

पावसाळ्यात झाकणाच्या आतून दुधाळ, लोण्यासारखा थर दिसला तर? घरची स्कूटर किंवा कार रोज मुलांना शाळेत सोडण्यापुरती दोन किलोमीटर चालत असेल तर इंजिन पुरते तापतच नाही आणि वर सांगितलेले पाणी तेलात राहून जाते. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा-पाऊण तास सलग चालवावी, हा थर बहुधा जातो. मात्र रेडिएटरचे पाणीही कमी होत असेल तर ते हेड गॅस्केटचे लक्षण असू शकते. तिथे चालढकल नको.

पक्का निकाल हवा असेल तर मिस्त्रीकडे दोन चाचण्या मागाव्यात. पहिली कॉम्प्रेशनची. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक पाहावा. तीन सारखे आणि एक बराच कमी असेल तर दुखणे तिथे आहे. पेट्रोल इंजिनात प्लगच्या भोकातून चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर रिंगा, न वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. सायकलच्या वायसरला तेल लावण्याचीच ही गोष्ट. दुसरी चाचणी हवेची. पिस्टन वर आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, कॉम्प्रेसरने सिलिंडरमध्ये हवा सोडायची आणि कान लावायचा. सूं आवाज सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडून आला तर इनलेट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट, आणि ऑईलच्या झाकणातून आला तर रिंगा. या चाचणीत कोणाला फसवता येत नाही. जाड ऑईल घालून धूर आणि आवाज काही दिवस दबतो, हवा दबत नाही.

दुरुस्ती करायची ठरली तर नुसत्या नव्या रिंगा घालून मोकळे होऊ नये. झिजलेल्या, गुळगुळीत झालेल्या लायनरवर नवी रिंग बसत नाही. आधी बोअर वर आणि खाली मोजावा, गरज असेल तर बोरिंग किंवा नवा लायनर, आणि होनिंगने तिरप्या रेघा पाडून घ्याव्यात, म्हणजे तेल धरून राहील. रिंगेच्या तोंडाची फट फीलर गेजने मोजावी आणि तिन्ही रिंगांची तोंडे एका रेषेत येऊ देऊ नयेत. काम झाल्यावर गाडी तासन्‌तास जागेवर चालू ठेवणे हीही चूक. रिंग बसते ती इंजिनावर बेताचा भार आल्यावर.

पिकअपचे काय झाले?

त्या जुम्याला संध्याकाळी आम्ही गाडी पाहायला गेलो. झाकण उलटे ठेवले, ते उडून बंपरवर पडले. ब्रीदर साफ होता. गाडीचे मालक वयाने आमच्याहून मोठे. त्यांचीच परवानगी घेऊन दुसऱ्या दिवशी गावातल्या मिस्त्रीकडे हवेची चाचणी केली. पहिला, दुसरा, चौथा सिलिंडर ठीक. तिसऱ्याला हवा सोडताच ऑईलच्या भोकातून सूं सूं सुरू झाले. आम्ही काही बोललो नाही. मालकांना म्हटले, “बडे भाई, जरा कान लावा.”

त्यांनी कान लावला. बराच वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, “एक जण म्हणाला होता, जाड ऑईल घाल आणि विकून टाक. मी घातले. पण आतून एवढी गेली आहे हे ठाऊक नव्हते.” ऐब सांगून माल विकावा, ही तालीम त्यांच्याही घरात झालेली होतीच. इंजिनाच्या कामाचा अंदाज मिस्त्रीने तिथेच लिहून दिला आणि तेवढी रक्कम त्यांनी स्वतःहून किमतीतून वजा केली. कागदावर दोषही लिहिला. तेव्हा कुठे पुतण्याने बयाणा दिला.

इंजिन उघडले तेव्हा तिसऱ्या पिस्टनची वरची रिंग खाचेत चिकटून बसलेली, लायनरला ओरखडे, आणि खाली बेअरिंगच्या शेलवर बारीक करड्या रेघा उमटू लागलेल्या. क्रँक मात्र वाचला होता. आणखी काही महिने गेले असते तर तोही गेला असता. आजाराचे मूळही सापडले. गाडी दोन वर्षे जांभ्या चिऱ्याच्या खाणीवर चालली होती आणि एअर फिल्टरच्या डब्याची एक क्लिप तुटलेली होती. त्या फटीतून लाल धूळ आत जात राहिली आणि रिंगा घासत राहिली.

गाडी आता मासळी घेऊन जाते. पुतण्याने इंजिनाच्या कामाआधीच फिल्टरचा डबा नवा बसवला. दर शुक्रवारी नमाजेला निघण्यापूर्वी तो झाकण उलटे ठेवून पाहतो, असे त्याची अम्मी सांगते.

आपल्या गाडीबद्दल, होडीच्या इंजिनाबद्दल काही विचारायचे असेल तर मासिकाच्या पत्त्यावर जरूर लिहा. पुढील अंकात रेडिएटरच्या पाण्याविषयी बोलू या.